साहेबांचा अंगठा

मी एक जुना ब्रश आहे. मित्रांनो, ब्रश म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लगेच दात येतील, नाहीतर भिंती. तसला मी नव्हे. मी पोलिसांचा ब्रश आहे. चोरी झालेल्या घरात जाऊन कपाटांवर, काचांवर आणि कड्यांवर काळी पूड फिरवायची आणि माणसांच्या बोटांचे ठसे उजेडात आणायचे, हे माझे काम. आज माझे निम्मे केस गळाले आहेत, दांड्याचा रंग उडाला आहे आणि मी एका टेबलाच्या खणात स्टेपलरच्या पिना, वाळलेली पेने आणि कोणाच्या तरी खोकल्याच्या गोळ्या यांच्या शेजारी पडून आहे. त्या गोळ्या उकाड्याने पाघळल्या आहेत आणि माझे दोन-तीन केस त्यांना चिकटले आहेत. शी!

नाक मुरडायचा स्वभाव माझा पहिल्यापासूनचा. त्याला माझा जन्म कारणीभूत आहे. एका लांबट, हवेशीर खोलीत खारीच्या शेपटीचे मऊ केस निवडून, विंचरून, एका लांबीचे करून आमचे झुबके बांधले जात. झुबका पत्र्याच्या टोपणात बसवायचा, मागून डिंक, मग दांडा. ते काम बायका करत. त्यातली एक वयस्क बाई प्रत्येक तयार ब्रश आपल्या गालावरून एकदा फिरवून बघे. केस टोचला तर ब्रश बाजूला, नाही टोचला तर पेटीत. जगातला मला झालेला पहिला स्पर्श असा साबणाने धुतलेल्या गालाचा होता. माझ्या बरोबरीची भावंडे रंगभूषेच्या दुकानात गेली. ती आजही कोणाच्या तरी गालांवर गुलाबी भुकटी लावत असतील. माझ्या नशिबी पोलीस ठाणे आले.

मित्रांनो, तुम्हाला तुमच्या बोटांची काडीची कल्पना नाही. जेवण झाले, डोके खाजवले, नाकात घातले, की तेच बोट तुम्ही कुठेही टेकवता, आणि तिथे घामाची आणि तेलाची एक नक्षी उमटते. तुम्हाला ती दिसत नाही म्हणून तुम्ही खुशाल असता. मला ती केसाकेसाला जाणवते. मी खाटकाच्या दुकानातल्या फ्रीजच्या मुठीवर फिरलो आहे. बसस्थानकातल्या संडासाच्या कडीवर फिरलो आहे. एकदा एका चोराने चोरी करता करता स्वयंपाकघरात उभ्याने शिरा खाल्ला होता. त्याचे तुपकट ठसे उचलताना मला भडभडून आले होते. ब्रशाला ओकारी काढता येत नाही म्हणून निभावले.

आमचे पोलीस दल छोटे. पण छोट्या दलालाही मोठे दिसायची हौस असते, तशी आमच्या दलाला झाली आणि विशेष तपास कक्ष निघाले. कक्ष म्हणजे एकच खोली. पूर्वी तिथे सापडलेल्या बेवारस सायकली ठेवत, त्यामुळे भिंतीला चाकांचे काळे फरांटे होते. दाराबाहेर मात्र पाट्या एकाखाली एक: ठसे कक्ष, सायबर गुन्हे कक्ष, आर्थिक गुन्हे कक्ष, अमली पदार्थविरोधी कक्ष. या सगळ्या कक्षांत मिळून माणसे तीन. फोन आला की हवालदारकाका आधी विचारत, कोणता कक्ष पाहिजे. सायबर म्हटले की ‘थांबा, देतो,’ म्हणून फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेत आणि जरा भारदस्त आवाजात बोलू लागत. पाट्या रंगवणाऱ्याला आमच्या कक्षाने जेवढे काम दिले तेवढे चोरांना दिले असते तर गाव सुधारले असते.

या सर्व कक्षांचे प्रमुख म्हणजे आमचे साहेब. साहेबांना तपासापेक्षा तपासाचा फोटो प्यारा. हवालदारकाका त्यांना पाठीमागे फोटोसाहेब म्हणत आणि समोर मान खाली घालून उभे राहत. साहेबांच्या सवयींविषयी मी फार बोलू नये, पण बोलतो. कागद उलटताना ते बोट जिभेवर टेकवत. कानात किल्ली घालून कान कोरत आणि तीच किल्ली मुद्देमालाच्या कपाटाला लावत. हात पुसायला पडदा. आणि हे सगळे करून पुन्हा आमच्या तिसऱ्या माणसाला स्वच्छतेवर व्याख्यान.

तिसरे माणूस म्हणजे ठसेबाई. ठसे ओळखण्याचे रीतसर शिक्षण घेऊन आलेली. तिचा हात इतका हलका, की मी काचेवर टेकलो आहे की नाही हे मलाच कळत नसे. ती मला दोन बोटांत धरून गर्रकन फिरवी, पूड फुलासारखी पसरे आणि रेषा आपोआप वर येत. काम झाले की ती मला झटके, विंचरे आणि माझ्या नळीत उभा ठेवी. औषधांच्या दुकानातल्या चोरीत खिडकीच्या काचेच्या आतल्या बाजूला आम्ही एक करंगळी शोधली आणि चोर पकडला गेला. दुकानदार आभार मानायला आला तेव्हा ठसेबाईने माझ्याकडे बोट दाखवून म्हटले, याचे माना. एवढे कौतुक मला पुरले. घाणीत फिरल्याचे त्या दिवशी काही वाटले नाही.

ठसेबाईने एक नियम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला होता. गुन्ह्याच्या जागी जो जो पोलीस जाईल, त्याने आधी स्वतःचे ठसे द्यायचे. म्हणजे घरच्यांचे आणि पोलिसांचे ठसे वगळले की उरेल तो परका. हवालदारकाकांनी पहिल्याच दिवशी दहाही बोटे काळी करून दिली. साहेब म्हणाले, बघू. आणि ते बघू बघूच राहिले.

मग फर्निचरवाल्याच्या घरून फोन आला. गावातले मोठे दुकान त्याचे. घरातल्या सोफ्यांवरचे प्लॅस्टिकसुद्धा काढलेले नव्हते, बसले की करकर वाजे. त्याची आई, मोठ्या बाई, लकव्याने मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. वाचा गेलेली, हलत ते फक्त डोळे. तिच्या कपाटातल्या पेटीतले दागिने नाहीसे झाले होते. मित्रांनो, त्या अख्ख्या घरात मला किळस न आलेली खोली ती एकच. चादर ताणून घातलेली, औषधाच्या बाटल्या पुसून ओळीने ठेवलेल्या, खोलीला साबणाचा वास. मोठ्या बाईंची देखभाल करायला एक मावशी होत्या, हे सगळे त्यांचे. आम्ही गेलो तेव्हा त्या मोठ्या बाईंना कुशीवर वळवून पाठीमागे उशी लावत होत्या. चोरी झाली म्हणून त्यांनी ते काम अर्धवट सोडले नाही.

ठसेबाई बाहेरच्या खोलीत सामान उघडत होती. तेवढ्यात साहेब फोटोसाठी बोलावलेल्या वार्ताहराला घेऊन आत गेले. हवालदारकाकांनी हातमोजे पुढे केले. हातमोज्यांत माणूस दवाखान्यातला दिसतो, असे म्हणून साहेबांनी ते परत दिले, पांढरी गुळगुळीत पेटी उघड्या हातांनी उचलली, अंगठ्याने झाकण वर केले आणि पेटी हनुवटीजवळ धरून गंभीर चेहरा केला. फोटो निघाला. मी सामानाच्या बॅगेतून उघड्या दारातून हे बघत होतो आणि माझे केस ताठ झाले. हवालदारकाकाही बघत होते. त्यांनी नजर वळवून छताकडे लावली.

ठसेबाई आत आली, तिने मला पेटीवर फिरवले आणि झाकणावर एक अंगठा उमटला. इतका स्वच्छ, की शाळेत फळ्यावर काढून दाखवावा. पण त्याच्याखाली काहीतरी फरफटलेले दिसत होते. तिने वाकून बघितले आणि म्हणाली की इथे आधी दुसरा ठसा होता, त्याच्यावरच हा येऊन बसला आहे. साहेबांनी तिचे पहिले अर्धे वाक्यच ऐकले. चोराचा अंगठा मिळाला, असे त्यांनी वार्ताहराला तिथल्या तिथे सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन फोटो शेजारी शेजारी आले. एकात साहेब पेटी धरून, दुसऱ्यात तो अंगठा वाटीएवढा मोठा करून. अख्ख्या गावाने बघितले. साहेबांनी ते पान भिंतीवर चिकटवले, नेमके ठसेबाईच्या नियमावर.

मग सुरू झाला तो प्रकार आठवला की अजून अंगावर काटा येतो. फर्निचरवाल्याच्या घरी ज्याचा ज्याचा पाय लागला होता, त्या सगळ्यांना बोलावणे गेले. माळी, वीजदुरुस्तीवाला, रद्दीवाला, सुतार. बाहेर व्हरांड्यात रांग. एकेकाची बोटे शाईत लोळवायची, कागदावर दाबायची आणि पुसायला रॉकेलचा एकच बोळा. साहेब नाकाला रुमाल लावून बसत आणि म्हणत की या लोकांच्या हातांना काय वास येतो. कामाच्या हातांना कामाचाच वास येणार. मला त्या बोटांचा राग आला नाही, हे मी आवर्जून सांगतो. त्या रुमालाचा आला.

कोणाचाही अंगठा जुळला नाही. शेवटी मावशींना आणले. त्यांचाही जुळला नाही. पण फर्निचरवाल्याचे म्हणणे होते, घरात परके माणूस तेवढे तेच. साहेबांना ते पटकन पटले, कारण वरचे मोठे अधिकारी सोमवारी कक्ष बघायला येणार होते आणि तेव्हा चोर हाताशी असणे बरे दिसले असते. मावशींना कोठडीत बसवले.

ठसेबाईने साहेबांना सांगितले की आधी तुमचे ठसे द्या, वगळायला लागतील. साहेबांचा पारा चढला. प्रमुखाचे ठसे मागायला तो काय चोर आहे का, असे ते खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी तिला मावशींचे ठसे जुळवायला सांगितले.

“जुळत नाहीत, साहेब,” ती म्हणाली.

“तुम्ही नीट बघितलं नाही.”

“बघितलंय.”

“मग परत बघा. सोमवारपर्यंत जुळायला पाहिजे.”

ते असे म्हणाले जसे धोब्याला सांगावे की इस्त्री सोमवारपर्यंत पाहिजे. ठसेबाईने मला उचलून नळीत ठेवले. एक सही आणि मावशी तुरुंगात. सही नाही केली तर तिची स्वतःची नोकरी धोक्यात. घरी तिच्या पगारावर चालणारी चूल होती, हे मला ठाऊक होते, कारण फोनवर बोलताना ती मला हातात घेऊन फिरवत असे.

ती मावशींना भेटायला गेली तेव्हा मी तिच्या कोटाच्या खिशात होतो. मला वाटले मावशी रडतील, हातापाया पडतील. त्या गजांशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, माझं जाऊ दे. मोठ्या बाईंची कूस कोण बदलतंय, तेवढं कोणीतरी जाऊन बघा. एका अंगावर राहिल्या ना, की पाठ सोलून निघते त्यांची. सांगता येत नाही हो त्यांना.”

ठसेबाईने हवालदारकाकांना पाठवले. ते जाऊन आले आणि म्हणाले की सूनबाई दारातूनच बोलल्या, आम्ही बघतोय म्हणाल्या. काका खोलीपर्यंत गेले नव्हते. ते हे सांगतानाही छताकडेच बघत होते.

त्या दुपारी ठसेबाई भिंतीवरच्या वर्तमानपत्रासमोर उभी राहिली. आपल्या नियमाच्या कागदाचा एक कोपरा त्याच्या खालून डोकावत होता, बहुधा तेच बघत असावी. मग तिची नजर साहेबांच्या फोटोवर गेली आणि तिने भिंग काढले. फोटोत पेटीच्या झाकणावर साहेबांचा अंगठा स्वच्छ दिसत होता, आणि ठसा मिळाला होता ती जागा नेमकी तीच. मला हे पहिल्यापासून माहीत होते. पण ब्रशाला विचारतो कोण?

साहेब जेवायला गेले होते. टेबलावर त्यांचा पाण्याचा ग्लास होता. काठाला ओठांचा चिकट डाग, बाहेर भजीच्या तेलाची बोटे, तळाशी बुडालेली माशी. एरवी मी तिथे फिरायला मेलो असतो तरी तयार झालो नसतो. त्या दिवशी मात्र मी आनंदाने फिरलो. अंगठा वर आला, ठसेबाईने चिकटपट्टीने तो उचलला, पांढऱ्या कार्डावर लावला आणि पेटीवरच्या कार्डाशेजारी ठेवून भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिली. मग खुर्चीत मागे टेकली.

सोमवारी सकाळी, वरचे अधिकारी यायच्या आधी, साहेबांनी फर्निचरवाल्याला मुद्दाम बोलावून घेतले. मावशींना आणून भिंतीशी उभे केले. ठसेबाईने दोन कार्डे टेबलावर ठेवली आणि भिंग साहेबांच्या हातात दिले. प्रमुख तुम्ही, तुम्हीच बघा, असे म्हणाली. साहेबांना हा मान फार आवडला. त्यांनी बाह्या सारख्या केल्या, एक डोळा मिटला आणि कार्डांवर वाकले. बघता बघता त्यांचा चेहरा फुलला.

“हे काय, हे चक्र बघा. इथं रेष फुटलीय, इथंही फुटलीय. इथं तुटली, इथंही. अहो, शेंबडं पोरही सांगेल. शंभर टक्के हाच.” मग मावशींकडे वळून, “आता बोल.”

मावशींचा चेहरा पांढरा पडला. फर्निचरवाला मान हलवत होता. मी बघत होतो, कोणाच्या नजरेत एवढीशी तरी शंका आहे का. कोणाच्याच नव्हती.

“म्हणजे ज्याचा हा ठसा त्यानंच पेटी उघडली, हे नक्की?” ठसेबाईने विचारले.

“लिहून देतो.”

“डावीकडचा पेटीवरचा आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “उजवीकडचा तुमच्या पाण्याच्या ग्लासावरचा आहे, साहेब.”

तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केले. फर्निचरवाला उठून फोटोजवळ गेला आणि वाकून बघू लागला. हवालदारकाका छताकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी आपला अंगठा एकदा उलटसुलट करून पाहिला आणि हात खिशात घातला. मला वाटले, आता हा माणूस दोन शब्द तरी बोलेल. मावशींना नाही तर ठसेबाईला, तिला नाही तर स्वतःला.

“काका,” साहेब म्हणाले, “तो ग्लास धुऊन ठेवा.”

मित्रांनो, मी आयुष्यभर घाणीत फिरलो, पण त्या वाक्यासारखी शिसारी मला कशाची आली नाही. फर्निचरवाल्याने विचारले, मग चोर कोण? त्याला उत्तर देणार कोण? चोराचा ठसा साहेबांच्या अंगठ्याखाली कायमचा पुसला गेला होता. मावशींनी तेवढे विचारले की आता मी जाऊ का, बाईंना वळवायचे असेल. साहेबांनी हाताने जा अशी खूण केली, तीही खिशातल्या नव्हे, दुसऱ्या हाताने.

त्या थेट फर्निचरवाल्याच्या दारात गेल्या. हे मला काकांकडून कळले. सुनेने साखळी न काढता फटीतून सांगितले की तुम्ही काही केले नसेल हो, पण ठाण्यात राहून आलेली बाई घरात बरी दिसत नाही. मावशींनी आत एकदा तरी जाऊ द्या म्हणून विनवले. दार लागले. गावात ज्या ज्या घरी त्या काम मागायला गेल्या त्या त्या घरी त्यांना याच गोड आवाजात नाही म्हणून सांगितले गेले. शेवटी कुठल्याशा खानावळीत भांडी घासायला लागल्या.

आणि वर्तमानपत्रात काय आले असेल? निरपराध महिलेला विशेष कक्षाने दिला न्याय. सोबत साहेबांचा फोटो, या वेळी हातमोजे घालून. वरच्या अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली आणि आमच्या दाराबाहेर आणखी एक पाटी लागली. ठसेबाईची मात्र जप्त गाड्यांच्या आवारात बदली झाली. गंजलेल्या स्कूटरवर नंबर घालायचे काम. जाताना तिने मला शेवटचे विंचरले आणि काकांच्या हातात देऊन सांगितले की याला नळीत उभा ठेवा, आडवा टाकू नका. काकांनी हो म्हटले. आठवडाभरात साहेबांनी मला नळीतून काढले आणि माझ्या केसांनी की-बोर्डातला फरसाणाचा चुरा झाडला. त्यानंतर मी त्याच कामाला जुंपला गेलो. मग त्यांच्या गाडीतली धूळ. मग एकदा बुटांची टाच. खारीचा केस मी! त्या टाचेखाली काय लागले होते ते मी सांगणार नाही, तुम्ही जेवून आला असाल.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, आणि थंडी सरताना फर्निचरवाल्याच्या घरून पुन्हा फोन आला. मोठ्या बाई गेल्या होत्या. पण त्यांच्या पाठीवरच्या जखमा बघून डॉक्टरांनी दाखल्यावर सही करायला नकार दिला होता आणि पोलिसांना बोलवा असे सांगितले होते. काकांनी मला खणातून शोधून काढले, शर्टाला पुसले आणि बॅगेत टाकले.

ती खोली मी ओळखलीच नाही. साबणाचा वास गेला होता. जो वास होता तो मी सांगू शकत नाही, तुम्हाला सांगायची माझी इच्छाही नाही. औषधांच्या बाटल्यांवर धूळ होती. मोठ्या बाईंवर चादर ओढलेली. साहेब नाकाला रुमाल लावून दारातच थांबले आणि काकांना म्हणाले, बघा काय मिळते ते. काकांचा हात ठसेबाईसारखा हलका नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला अगदी जपून धरले आणि खाटेच्या लोखंडी कठड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले.

ठसे वर आले. रुग्णाला कुशीवर वळवताना माणूस एका हाताने त्याचा खांदा धरतो आणि दुसऱ्या हाताने कठडा. कठड्यावर नेमक्या त्याच जागी चार बोटे वरून आणि अंगठा खालून, पुन्हा चार बोटे आणि अंगठा, एकावर एक, किती वेळा ते मोजता येऊ नये इतके. सगळे जुने, वाळलेले, धुळीखालचे. ती बोटे मावशींची होती. मी ती ओळखली आणि काकांनीही ओळखली, त्यांनीच तर ती शाईत लोळवली होती. मावशींच्या ठशांवर नंतरचा कोणाचा म्हणून ठसा नव्हता. दाराच्या मुठीवर मात्र ताजे ठसे भरपूर होते. येत होते सगळे. दारापर्यंत.

काका बराच वेळ कठड्याकडे बघत राहिले. या खेपेला त्यांनी छताकडे पाहिले नाही.

“ठसे मिळाले का?” साहेबांनी रुमालातून विचारले.

“मिळाले, साहेब. मावशींचे आहेत. सगळे जुने.”

“आणि नवीन?”

“एकही नाही.”

“मग प्रश्नच मिटला,” साहेब म्हणाले. “बाईंना कोणाचा हात लागलेला नाही. म्हणजे घातपात नाही. लिहा.”

काकांनी लिहिले. त्यांनी तोंड उघडावे असे मला फार वाटले. त्यांनी उघडले नाही. मला त्यांचीही किळस आली, आणि वाईटही वाटले, कारण परत येताना ते बॅग छातीशी धरून गाडीत मागे बसले होते. फर्निचरवाल्याने त्या दिवशी दुकान बंद ठेवले होते.

मित्रांनो, आपली कहाणी सांगून झाली की जुन्या वस्तू विनवतात, आम्हाला फेकू नका, आम्हाला जपा. मला जपायची गरज नाही. माझे उरलेले केस या गोळ्यांना चिकटून गळून जातील आणि जावेत. पण तुमच्या घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, तर दारातून डोकावून परत फिरू नका. आत जा. कठडा घट्ट धरा आणि त्यांची कूस बदला. हात घामट असले तरी चालतील, शाईने माखलेले असले तरी चालतील. त्या ठशांवरून फिरताना मी कधीही नाक मुरडणार नाही.